कपडे धुवायच्या खोलीत वाढवलेलं नदीचं गवत

फेब्रुवारीतला शनिवार, बाहेर गोठलेला बर्फ, आणि आम्ही पंचवीस-तीस जण एका हॉलमध्ये बसून पाण्याखालचं गवत घरी कसं वाढवायचं ते शिकत होतो. प्रत्येकाच्या पायाशी एक मोठा प्लास्टिकचा टब, त्यात बसतील असे दोन ट्रे, छोटा पंप, पाणी कोमट ठेवायचा हीटर, वाळूची पिशवी, मातीची पिशवी. आणि एका इवल्याशा बाटलीत पाण्यात बुडवून ठेवलेल्या बिया, खसखशीपेक्षा जराशा मोठ्या, काळपट, लांबट. माझी लेक तेव्हा नऊ वर्षांची, तिने बाटली दिव्याकडे धरून हलवली आणि विचारलं, "आई, एवढ्याशा बियांनी नदी साफ होणार?" मी म्हटलं, बघूया. मला तेव्हा खरंच काही माहीत नव्हतं.

आम्ही उत्तर व्हर्जिनियात राहतो, वॉशिंग्टन डीसीच्या खालच्या बाजूला, अकरा वर्षं झाली. पोटोमॅक नदी आठवड्यातून तीनदा तरी ओलांडते मी, पुलावरून, गाडीतून, डोकं ऑफिसच्या मीटिंगमध्ये. नळाला येणारं पाणीसुद्धा तिचंच, म्हणजे आमच्याकडे पोटोमॅकचं आणि ऑकोक्वानच्या धरणाचं असं दोन्हीकडचं येतं. पण त्या नदीच्या तळाशी काय असतं, काही असायला हवं का, हा विचार अकरा वर्षांत एकदाही मनात आला नव्हता. लेकीच्या शाळेतून एक पत्रक आलं, त्यात, पोटोमॅक जिला जाऊन मिळते त्या चेसापीक खाडीसाठी काम करणाऱ्या चेसापीक बे फाउंडेशन ह्या संस्थेच्या 'ग्रासेस फॉर द मासेस' नावाच्या उपक्रमाची माहिती होती, आणि तिने हट्ट धरला म्हणून मी नाव नोंदवलं. कल्पना साधी आहे. सामान्य माणसांनी थंडीत बिया घरी न्यायच्या, दहा-बारा आठवडे घरात रोपं वाढवायची, आणि उन्हाळा सुरू झाला की सगळ्यांनी मिळून ती नदीत नेऊन लावायची.

गवत कुठलं, तर वाइल्ड सेलरी. सूपमध्ये घालतात त्या सेलरीशी ह्याचा काही संबंध नाही. हे पूर्ण पाण्याखाली वाढतं, रिबिनीसारखी लांब पानं, टोकं बोथट गोलसर, आणि पानाच्या मधोमध एक फिकट पट्टा. वर्कशॉपमधल्या बाईंनी फळ्यावर त्याचं शास्त्रीय नाव लिहिलं, व्हॅलिस्नेरिया अमेरिकाना, आणि मी खुर्चीत ताठ बसले. व्हॅलिस्नेरिया! बारावीचं बायोलॉजी! ज्यांनी सायन्स घेतलं होतं त्यांना आठवेल, पाण्यातून होणारं परागीभवन, हायड्रोफिली, त्याची उदाहरणं द्या, व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, झोस्टेरा. मी ही तीन नावं घोकून घोकून पाठ केली होती, पेपरात लिहिली होती, मार्क मिळाले होते, आणि त्या तिघांपैकी एकही कसं दिसतं हे वीस वर्षांत बघितलं नव्हतं. आणि आता कळत होतं की चेसापीकच्या पाण्यात ही तिन्ही आहेत. गोड्या पाण्यात व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला, खाली समुद्राकडच्या खाऱ्या पाण्यात झोस्टेरा, ज्याला इथे ईलग्रास म्हणतात. पुस्तकातली एक ओळ उठून समोर येऊन बसावी तसं झालं मला.

आता हे सगळं कशासाठी ते सांगते, कारण मलाही तिथेच पहिल्यांदा नीट समजलं. चेसापीक म्हणजे आपल्या भाषेत खाडीच, पण अफाट, तीनशे किलोमीटरच्या वर लांब, आणि तिच्यात न्यूयॉर्कपासून व्हर्जिनियापर्यंत सहा राज्यांचं आणि डीसीचं पाणी येऊन पडतं, चौसष्ट हजार चौरस मैलांचं. एवढी मोठी, पण सरासरी खोली फक्त २१ फूट. म्हणजे कडेकडेच्या उथळ भागात ऊन तळापर्यंत पोचू शकतं, आणि पूर्वी तिथे आणि तिला मिळणाऱ्या नद्यांच्या तोंडाशी पाण्याखाली कुरणंच्या कुरणं होती. हे गवत पाण्यात ऑक्सिजन सोडतं, प्रवाहाचा जोर कमी करतं त्यामुळे पाण्यातला गाळ खाली बसतो, मुळं तळाचा चिखल धरून ठेवतात, पाण्यातलं जास्तीचं नायट्रोजन-फॉस्फरस ते स्वतः खातं. माशांची पिल्लं आणि खेकडे त्यात लपतात. कॅनव्हासबॅक नावाचं बदक हिवाळ्यात इथे येतं, ते चिखलातले ह्या गवताचे कोंब उकरून खातं, इतकं की त्याच्या शास्त्रीय नावातच व्हॅलिस्नेरिया आलंय.

पण गवताला ऊन लागतं. गोड्या पाण्यातल्या गवताला पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचा साधारण तेरा टक्के तरी खाली पोचावा लागतो. शेतांमधून, लॉनवरून, सांडपाण्यातून खतं नदीत आली की शेवाळ माजतं, पाणी हिरवं होतं, बांधकामांची माती आली की पाणी गढूळ होतं, उजेड खाली जात नाही, गवत मरतं. आणि गवत मेलं की गाळ धरून ठेवायला कुणी उरत नाही, मग पाणी अजून गढूळ. १९७२ च्या जूनमध्ये अॅग्नेस नावाचं वादळ आलं, इतका पाऊस आणि इतका गाळ आला की आधीच आजारी असलेली कुरणं उद्ध्वस्त झाली. १९८४ पासून दरवर्षी विमानातून फोटो काढून हे गवत मोजतात, त्या पहिल्या मोजणीत अख्ख्या खाडीत अडतीस हजार एकरांच्या आसपासच उरलं होतं.

हे ऐकून घरी आलो आणि कपडे धुवायच्या खोलीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी टब मांडला. नवऱ्याने जुना ट्यूबलाइट वरून साखळीने टांगून दिला, टायमर लावला. ट्रेमध्ये खाली मातीचा थर, वर वाळूचा थर, पाणी हळूहळू ओतायचं, एका बशीवर धार सोडायची म्हणजे वाळू उकरली जात नाही (हे मला बाईंनी सांगितलं नव्हतं, गौरीच्या वेळी धान्य पेरताना आई असं हातावर पाणी सोडायची त्यावरून सुचलं). मग बाटलीतल्या बिया पाण्यासकट ट्रेवर शिंपडायच्या. बस. त्यानंतर रोजचं तपमान वहीत लिहायचं, पाणी उडून कमी झालं की भर घालायची, पंप चालू आहे ना बघायचं. लेकीने वहीला कव्हर घातलं आणि वर लिहिलं, 'नदीची वही'. मराठीत लिहिलं, मी सांगितलं नव्हतं.

आणि इथेच माझ्याकडून चूक झाली. मातीची पिशवी दुसऱ्या ट्रेला थोडी कमी पडली. गॅरेजमध्ये टोमॅटोच्या कुंड्यांसाठी आणलेलं पॉटिंग मिक्स होतं, काळंभोर, भुसभुशीत, मी दोन ओंजळी त्यातलं घातलं आणि वरून वाळू पसरली. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की कुंडीची तयार माती वापरू नका, मी वाचलंही होतं, पण मला वाटलं एवढ्याशाने काय होतंय, उलट रोपं जोमाने येतील.

बारा-तेरा दिवसांनी पहिले कोंब दिसले. कोंब म्हणजे काय, हिरवे केस. वाळूतून उभे राहिलेले, अर्धा सेंटिमीटर, डोळे अगदी पाण्याजवळ नेले तरच दिसणारे. लेक शाळेतून आली की दप्तर टाकून आधी टॉर्च घेऊन तिथे, रोज मोजायची, एकेचाळीस, मग त्रेसष्ट, मग शंभरच्या वर गेल्यावर मोजणं अवघड झालं. मी फोटो काढून पुण्याला आईला पाठवले.

आणि मग साधारण चौथ्या आठवड्यात पाण्याला रंग आला. आधी नुसती झाक, ट्यूबलाइटमुळे वाटतं असं म्हणून मी सोडून दिलं. दोन दिवसांनी तळ धूसर. अजून तीन दिवसांनी टब म्हणजे पालकाचं सूप, दुसरा ट्रे तर दिसेचना, आणि पहिल्या ट्रेमधल्या पानांवर तंतू-तंतूंचं शेवाळ चिकटलेलं, पान त्या वजनाने आडवं पडलेलं. पाण्याचा वास बदलला होता. टेस्ट स्ट्रिप बुडवली तर नायट्रेटचा चौकोन गडद गुलाबी. मी उपक्रमवाल्यांना फोन केला, तिकडच्या मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, माती कुठली वापरली. मी हात घालून दुसऱ्या ट्रेच्या कोपऱ्यातली वाळू बाजूला केली. पॉटिंग मिक्समध्ये ते पिवळसर गोल दाणे असतात बघा, हळूहळू विरघळणाऱ्या खताचे, साबुदाण्याएवढे. मी दोन बोटांत एक धरून दाबला, तो फुटला आणि आतून खारट पाण्यासारखं काहीतरी बोटांवर आलं. एवढंसं. असे पंधरा-वीस दाणे असतील त्या दोन ओंजळींत, आणि त्यांनी माझं साठ-सत्तर लिटर पाणी मारलं होतं.

मी तिथे मशीनला टेकून खाली बसले, आणि मला नदी समजली. खरंच सांगते, वर्कशॉपमधले सगळे आलेख एका बाजूला आणि तो फुटलेला दाणा एका बाजूला. नायट्रोजन, फॉस्फरस, शेवाळ, उजेड, सगळं मी ऐकलेलं होतं, लिहून घेतलेलं होतं, आणि तरी स्वतःच्या हाताने तेच केलं होतं, चांगल्या हेतूने, रोपं जोमाने यावीत म्हणून. शेतकरी खत टाकतो तेव्हा त्याचाही हेतू नदी मारायचा नसतोच ना.

पुढचे दहा दिवस मी आणि लेक त्या टबाच्या मागे होतो. दुसरा ट्रे पूर्ण काढला, टाकून दिला. अर्धं पाणी बदललं, दोन दिवसांनी परत अर्धं. उजेड चौदा तासांवरून दहावर आणला. आणि पानांवरचं शेवाळ हाताने काढायचं, हे काम सगळ्यात नाजूक, पान इतकं कोवळं की चिमटीत धरून ओढलं तर रोप मुळासकट वर येतं. आम्ही बाळाचा एक जुना मऊ ब्रश घेतला, पानाखाली डावा तळहात धरायचा, वरून ब्रश बुडापासून टोकाकडे एकाच दिशेने फिरवायचा, मग ते हिरवं जाळं सुटून तरंगतं, ते गाळणीने काढायचं. एका संध्याकाळी वीस-पंचवीस रोपं व्हायची. लेक जीभ दातात धरून करायची. निम्म्याहून जास्त रोपं गेली. बाटलीतल्या थोड्या बिया मी फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या, त्या रिकाम्या जागांवर परत टाकल्या, ह्या वेळी मागून आणलेल्या साध्या मातीवर.

त्याच काळात आईशी व्हिडिओ कॉल झाला. तिला फोन टबावर धरून दाखवलं. ती म्हणाली, "अगं, हे तर आमच्या घाटाला असायचं." तिचं माहेर वाई, कृष्णेकाठचं. ती म्हणाली, "आम्ही पायऱ्यांवर बसून पाय सोडायचो ना, तर अशा लांब पट्ट्या पायांना लागायच्या, गुदगुल्या व्हायच्या, आणि त्यात छोटे मासे. कपडे धुताना आजी ओरडायची, शेवाळात जाऊ नका गं, पाय घसरेल." तिने पाहिलेलं नक्की हेच होतं का ते आता कसं सांगणार, पण व्हॅलिस्नेरियाचा भाऊबंद आपल्या नद्या-तळ्यांत आहेच. आपण मराठीत ह्या सगळ्यालाच शेवाळ म्हणून मोकळे होतो, मला हे आता फार खुपतं. शेवाळ वेगळं, हे मुळं-पानं-फुलं असलेलं झाड वेगळं. आणि जलपर्णी तर अजून तिसरीच, ती वर तरंगते आणि खालचा सगळा उजेड बंद करते. आई हल्ली पुण्यात असते, मुळा-मुठेवरची जलपर्णी तिला पुलावरून दिसते, ती म्हणाली, "वरचं हिरवं म्हणजे नदी आजारी आणि खालचं हिरवं म्हणजे नदी बरी, असं आहे होय." मी म्हटलं हो आई, जवळजवळ तसंच.

एप्रिलपर्यंत पाणी परत काचेसारखं झालं. पानं वीतभर झाली, पाण्यावर येऊन आडवी पसरायला लागली. सकाळी दिवा लागला की तासाभराने पानांच्या कडेला बुडबुडे जमायचे, टाचणीच्या डोक्याएवढे, ओळीने, मग एकेक सुटून वर जायचा. शाळेत नाही का, चंचुपात्रात हायड्रिला ठेवून वर नरसाळं आणि परीक्षानळी उपडी घालून ऑक्सिजन दाखवायचे, अगदी तेच, फक्त इथे नरसाळं नव्हतं आणि घाई नव्हती. मी कॉफी घेऊन तिथे उभी राहायचे. घरातली सगळ्यात शांत जागा झाली होती ती, मशीन बंद असेल तेव्हा.

लावायचा दिवस जूनच्या पहिल्या शनिवारचा. मेसन नेक स्टेट पार्क, पोटोमॅकच्या एका फाट्यावर, बेलमाँट बे नावाच्या उथळ भागात. शेजारीच बाल्ड ईगलसाठी १९६९ साली राखून ठेवलेलं जंगल आहे, त्या गरुडांसाठी राखलेलं ह्या देशातलं पहिलं. ट्रे गाडीत कसा न्यायचा हा एक प्रश्नच होता, पाणी काढून टाकलं, वरून ओले टॉवेल घातले, नवऱ्याने इतकी हळू गाडी चालवली की मागचे हॉर्न वाजवत होते. तिथे गेलो तर किनाऱ्यावर तीसेक कुटुंबं, प्रत्येकाचा ट्रे, कुणाचं गवत दाट, कुणाचं विरळ, आमचं मधलं. एका निवृत्त आजोबांचा ट्रे म्हणजे गालिचा होता, ते म्हणाले त्यांचं सहावं वर्ष.

इथे नदीला भरती-ओहोटी असते, समुद्रापासून इतक्या लांब असूनही, म्हणून वेळ ओहोटीची धरली होती. छातीपर्यंतचे रबरी बूट-पँट चढवले, लेकीला लहान साइज सापडला. आधी एकाने काळी-पांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडली, ती दिसेनाशी होते तिथे दोरी मोजतात, त्या दिवशी अडीच फुटांच्या जरा पुढे गेली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. अडीच फुटांना टाळ्या! पण आम्ही मांडीभर पाण्यात लावणार होतो, म्हणजे पान तळाशी असतानाही त्याला उजेड मिळणार होता, त्याचंच सगळ्यांना बरं वाटलं होतं.

ट्रेमधलं गवत मुळांच्या जाळ्यासकट एकसंध निघतं. त्याच्या आम्ही वड्या पाडल्या, शब्दशः, ताटातल्या वड्या कापतात तशा उभ्या-आडव्या रेघा मारून, तळहाताएवढे चौकोन. मग वडी हातावर घेऊन पाण्यात चालायचं. पहिलं पाऊल टाकलं आणि चिखलाने बूट घट्ट धरला, काढायला गेलं की अजून आत. मला थोडी भीती वाटली. शेजारच्या आजोबांनी दाखवलं, टाच आधी उचलायची, पाय तिरका काढायचा. लावायची जागा जाळीने कुंपण केलेली होती, नाहीतर कार्प मासे तळ उकरतात, कासवं आणि बदकं-गीज कोवळी पानं खाऊन टाकतात. आत जाऊन डाव्या हाताने तळाला खड्डा करायचा, काही दिसत नाही, सगळं स्पर्शाने, वडी ठेवायची, चिखल दोन्ही बाजूंनी ओढून दाबायचा आणि हात हळूच काढायचा, वडी वर आली नाही तर बसली. भातलावणी करणाऱ्या बायकांची आठवण झाली, पण त्यांना निदान रोपाचं टोक दिसतं. खांद्यापर्यंत हात पाण्यात, गाल जवळजवळ पाण्याला टेकलेला, आणि त्या उंचीवरून नदी बघितली की ती वेगळीच दिसते, मोठी, सपाट, जिवंत. लेकीने सतरा वड्या लावल्या. प्रत्येक वडीला ती काहीतरी पुटपुटत होती, मी विचारलं नाही.

परत येताना पायात काहीतरी अडकलं म्हणून उचललं, तर लांब दोर, चार-पाच-पाच पानांचे झुपके. हायड्रिला. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतलं, गावच्या विहिरीतलं. इथे ते पाहुणं आहे, १९८२ साली पोटोमॅकमध्ये सापडलं, लोकांना वाटलं सगळी नदी गिळणार, बोटींचे पंखे अडकायचे. पण तेव्हाच डीसीच्या सांडपाणी प्रकल्पात फॉस्फरस काढायला सुरुवात झालेली होती, आजूबाजूच्या राज्यांनी फॉस्फेटवाले डिटर्जंट बंद केले, पाणी निवळायला लागलं, हायड्रिलाने गाळ धरला आणि मागोमाग इथली मूळची गवतंही परतली. बाईंना विचारलं की मग हे चांगलं की वाईट, तर त्या म्हणाल्या आम्ही ते लावत नाही, पण उपटायलाही धावत नाही. मला हे उत्तर आवडलं. मी ते दोर परत पाण्यात सोडलं.

तीस कुटुंबांनी मिळून लावलेला तुकडा एखाद्या बॅडमिंटन कोर्टाएवढा असेल. चेसापीकच्या २०१४ च्या करारातलं उद्दिष्ट एक लाख पंच्याऐंशी हजार एकरांचं होतं. हा हिशोब मी गाडीत बसून केला आणि थोडा वेळ गप्प होते. पण नंतर खूप वाचलं आणि मत बदललं. २०१८ साली खाडीत गवत एक लाख एकरांच्या वर गेलं होतं, मोजणी सुरू झाल्यापासूनचं सगळ्यात जास्त, आणि ते बहुतेक सगळं लावलेलं नव्हतं, पाणी सुधारलं म्हणून आपणहून पसरलेलं होतं. त्याच वर्षी प्रचंड पाऊस झाला आणि पुढच्या वर्षी ३८ टक्के गवत गेलं, तेही खरं. पण बी शिल्लक असेल तर येतं परत. जिथे बी उरतच नाही तिथे मात्र माणसालाच न्यावं लागतं. व्हर्जिनियाच्या समुद्राकडच्या खाजणांत ईलग्रास १९३० च्या दशकात रोग आणि १९३३ चं वादळ ह्यामुळे पूर्ण संपलं होतं, कित्येक दशकं जवळजवळ काहीच नाही, आणि तिथे १९९९ पासून व्हर्जिनिया इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्सच्या लोकांनी आणि स्वयंसेवकांनी सात कोटींहून जास्त बिया हाताने पेरल्या, आज तिथे नऊ हजार एकरांच्या आसपास कुरण आहे. आमचा बॅडमिंटन कोर्ट म्हणजे बियांची पेढी आहे, असं मी आता बघते. जिथून प्रवाह बी पुढे नेईल अशी जागा.

आणि दुसरी गोष्ट घराची. आमच्या वसाहतीत लॉनवर वर्षातून चार वेळा खत मारायला एक कंपनी येते, वसाहतीच्या पैशांतून, दाणे फुटपाथवर पडलेले असतात आणि पुढचा पाऊस ते थेट गटाराच्या जाळीत नेतो, तिथून ओढा, तिथून ऑकोक्वान, तिथून आमचा जाळीतला तुकडा. लॉनच्या नेहमीच्या खतात फॉस्फरस विकायला इथे बंदी आलीये, पण नायट्रोजन आहेच. मी वसाहतीच्या मीटिंगला गेले, आयुष्यात पहिल्यांदा, बरणीत दोन नमुने घेऊन. एका बरणीत साधं पाणी आणि गवताचं रोप, दुसरीत तसंच रोप आणि फुटपाथवरून उचललेले सात दाणे, तीन आठवडे खिडकीत ठेवलेल्या. मला भाषण येत नाही, मी बरण्या टेबलावर ठेवल्या आणि दाणे कुठून उचलले ते सांगितलं. एक जण म्हणाला की लॉन पिवळं पडलं तर घरांच्या किमती पडतील. वाद झाला, चांगला अर्धा तास. शेवटी ठरलं की आधी माती तपासून घ्यायची आणि तोपर्यंत वसंतातली एक फवारणी रद्द. चारातली एक. मला चारही रद्द व्हायला हव्या आहेत, आणि मी पुढच्या मीटिंगलाही जाणार आहे, बरण्या घेऊन.

सप्टेंबरमध्ये आम्ही तिघं कयाक भाड्याने घेऊन तिकडे गेलो. जाळीच्या बाहेर काही नव्हतं, उकरलेला चिखल फक्त. जाळीच्या आत एका कोपऱ्यात पूर्ण मोकळी जागा, बहुतेक कासव शिरलं असणार, आणि बाकी ठिकाणी हिरवे पट्टे, ओहोटीच्या दिशेला सगळे एका बाजूला झुकलेले, वल्ह्याने पाणी ढवळलं की एकत्र डोलणारे. त्यात बोटाएवढे मासे होते, आमची सावली पडली की सगळे एकदम आत. आमच्या वड्या कुठल्या, आजोबांच्या कुठल्या, आणि आधीच्या वर्षीचं किती, काही कळायला मार्ग नव्हता.

लेक कयाकच्या कडेला वाकली होती, ती म्हणाली, "आई, पाण्यावर दोरा आहे." बारीक फिकट दोरा, तळापासून वर आलेला, टोकाला तांदळाच्या दाण्याएवढं पांढरट फूल, पाण्याच्या पातळीला बरोबर टेकलेलं, भोवती पाण्याला किंचित खळगा पडलेला. मादी फूल. नर फुलं खाली बुडाशी तयार होतात, सुटतात, पाण्यावर पांढऱ्या धुळीसारखी तरंगत येतात आणि त्या खळग्यात घसरतात. मी तिला सगळं सांगितलं, बारावीत लिहिलं होतं तसंच्या तसं, फक्त ह्या वेळी बोट दाखवायला जागा होती. थोडं पुढे दुसरा दोरा होता, तो स्प्रिंगसारखा गुंडाळून पाण्याखाली गेलेला, म्हणजे त्याचं काम झालेलं होतं. लेकीने हात घालून हळूच चाचपलं. खाली शेंग होती, तिच्या करंगळीएवढी, हिरवी, जराशी वाकडी. तिने विचारलं, घेऊया का, पुढच्या वर्षीसाठी? मग स्वतःच म्हणाली, नको, इथेच फुटू दे, आणि हात बाहेर काढला.